मोबाईलची बॅटरी दिवसभर कशी पुरवायची? चार्जिंगपासून फुगलेल्या बॅटरीपर्यंत कामाची सगळी माहिती

ग्रामीण वार्ताहर :

शेतकऱ्याचं निम्मं कामकाज आता मोबाईलवर आलं आहे. ई-पीक पाहणी मोबाईलवर, पीएम किसानचं ई-केवायसी मोबाईलवर, बाजार समितीचे भाव मोबाईलवर, बँकेचा ओटीपी मोबाईलवर. विहिरीवरच्या मोटारीला ऑटो स्टार्टर बसवलेला असेल तर रात्री मोटार चालू करायची तीसुद्धा मोबाईलवरूनच. अशा वेळी दुपारी तीनलाच फोन १५ टक्क्यांवर आला तर माणसाचा हात मोडल्यासारखं होतं. त्यात वादळात डीपी जळाली किंवा तारा तुटल्या तर दोन-दोन दिवस लाईट नसते, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

बॅटरीबद्दल गावोगाव सल्ले मात्र भरपूर मिळतात. कुणी म्हणतं पूर्ण उतरू द्या, मग लावा. कुणी म्हणतं रात्रभर लावली की फुटते. यातलं खरं काय, खोटं काय आणि आपल्या शिवारात बॅटरी नेमकी कशाने संपते, ते एका ठिकाणी सविस्तर देत आहोत. जपून ठेवा, घरातल्या पोरांनाही वाचायला द्या.

बॅटरीत असतं काय?

आजच्या सगळ्या स्मार्टफोनमध्ये लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. या बॅटरीची बाजारातली पहिली विक्री सोनी कंपनीने १९९१ साली सुरू केली. ती घडवणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

खोक्यावर ५००० एमएएच असं लिहिलेलं असतं. तो टाकीचा आकार समजा. आकडा मोठा म्हणजे टाकी मोठी. पण टाकी किती वेळ पुरेल हे नळ किती सोडला आहे त्यावर ठरतं. ५००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास इतकी वीज मावते. स्क्रीन चालू ठेवून साधा वापर केला तर फोन अंदाजे एक ते दोन वॅट खातो. म्हणजे दहा-पंधरा तास निघतात. पण उन्हात स्क्रीनचा उजेड पूर्ण, सोबत कॅमेरा, सोबत जीपीएस आणि त्यात रेंज कमी, असं सगळं एकदम चालू झालं की हाच फोन तीन-चार वॅटपर्यंत ओढतो. मग पाच-सहा तासांत खेळ खलास. ई-पीक पाहणी करताना बॅटरी झरझर का उतरते, याचं कारण हेच आहे. ॲपमध्ये दोष असलाच पाहिजे असं नाही.

आता विजेच्या बिलाचा हिशेब. चार्जर गरम होण्यात थोडी वीज वाया जाते, ती धरली तरी एका युनिटमध्ये असा फोन ३५ ते ४० वेळा पूर्ण चार्ज होतो. रोज एकदा चार्ज केला तरी वर्षाला नऊ-दहा युनिट लागतात. तेवढंच एक युनिट पाच एचपीची मोटार पंधरा मिनिटांच्या आत खाते. त्यामुळे ‘पोरगं सारखं मोबाईल लावतं म्हणून बिल वाढलं’ हे काही खरं नाही. बिल वाढायची कारणं दुसरीकडे शोधा.

बॅटरी खाणारे पाच जण

१) कमी रेंज. शहरात हा त्रास फारसा कळत नाही, आपल्याकडे मात्र पहिला नंबर याचाच. टॉवर जवळ असला की फोनला हळू आवाजात बोललं तरी चालतं. टॉवर लांब असला की पलीकडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारावी तसं त्याला ओरडावं लागतं, आणि ओरडायला ताकद जास्त लागते. रेंज येत-जात असेल तर फोन सारखा टॉवर शोधत बसतो. खिशात नुसता पडून असला तरी उतरतो तो यामुळे.

उपाय असा. ज्या रानात मुळीच रेंज नाही तिथे काम करताना फोन फ्लाइट मोडवर टाका. बांधावर, उंचवट्यावर आलात की काढा. मात्र कुणी आजारी असेल, फोनची वाट असेल तर हे करू नका. दोन सिम असतील आणि एकाला गावात रेंजच येत नसेल तर ते सिम सेटिंगमधून तात्पुरतं बंद ठेवा. ते उगीच टॉवर शोधत राहतं.

फाइव्ह-जीची रेंज अर्धवट असेल तर मोबाईल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन फोर-जी निवडा. फोन सारखा वर-खाली उड्या मारायचा थांबतो. जिओचं सिम असेल तर टू-जी मात्र निवडू नका. जिओचं टू-जी नेटवर्कच नाही, त्यामुळे फोन लागणंच बंद होईल.

२) स्क्रीन. उजेड जितका जास्त तितकी बॅटरी कमी. उन्हात उजेड वाढवावाच लागतो, पण घरी आल्यावर तो तसाच ठेवायचं कारण नाही. ऑटो ब्राइटनेस चालू ठेवा आणि स्क्रीन ३० सेकंदांत आपोआप बंद होईल असं लावा.

डार्क मोडबद्दल बरेच जण विचारतात. फोनची स्क्रीन ॲमोलेड असेल तरच त्याचा फायदा होतो, कारण त्या स्क्रीनमध्ये काळ्या भागाला वीज लागत नाही. स्वस्त फोनमध्ये एलसीडी स्क्रीन असते, तिच्या मागे दिवा कायम जळत असतो. त्यामुळे तिथे काळं केलं काय आणि पांढरं केलं काय, सारखंच. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये ॲमोलेड फोनवर मोजणी केली होती. उजेड ३० ते ५० टक्के असताना डार्क मोडने बचत झाली फक्त ३ ते ९ टक्के. उजेड १०० टक्के असताना मात्र बचत सरासरी ३९ ते ४७ टक्क्यांपर्यंत गेली. म्हणजे भर उन्हात रानात फोन बघायचा असेल तेव्हा डार्क मोड खरा कामाला येतो.

३) व्हिडिओ, रील आणि गेम. स्क्रीन, इंटरनेट आणि प्रोसेसर तिन्ही एकदम चालतात. कमी रेंजमध्ये रील बघणं म्हणजे फाटक्या पोत्यात धान्य भरणं. व्हिडिओ बघायचाच असेल तर रेंज चांगली असताना डाउनलोड करून ठेवा आणि मग बघा. हॉटस्पॉट देणं हाही तसाच मोठा खर्च आहे. काम झालं की लगेच बंद करा.

४) व्हॉट्सॲपचे ग्रुप. सकाळी उठल्यापासून शुभ सकाळचे फोटो, व्हिडिओ येऊन पडतात आणि आपण न उघडताच डाउनलोड होतात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’ आहे. तिथे मीडिया आपोआप डाउनलोड होण्यासमोरच्या सगळ्या खुणा काढून टाका. बॅटरी वाचते, डेटाही वाचतो आणि मेमरी फुल होत नाही.

५) नको ती ॲप. सेटिंगमध्ये बॅटरी, त्यात बॅटरी वापर असं उघडून बघा. कोणतं ॲप किती टक्के खातं ते तिथे दिसतं. न वापरलेलं ॲप वरच्या नंबरला असेल तर काढून टाका. कर्ज देणारी, फोन साफ करणारी, बॅटरी वाढवून देतो म्हणणारी ॲप तर ठेवूच नका. बॅटरी वाढवणारं ॲप नसतंच. ते स्वतःच मागे चालत राहतं आणि जाहिराती दाखवतं.

काय बंद करू नये

बॅटरीच्या नादात लोकेशन कायमचं बंद करणारे लोक आहेत. पावसाळ्यात हे धोक्याचं आहे. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने ‘दामिनी’ नावाचं ॲप केलं आहे. आपण आहोत त्या भागात वीज पडायची शक्यता असली तर ते इशारा देतं. त्याला आपलं ठिकाण कळावं लागतं. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात, रानात माणसं-जनावरं असताना लोकेशन चालू राहू द्या. नुसतं लोकेशन चालू असण्याने फार बॅटरी जात नाही. नकाशा लावून रस्ता बघत गाडी चालवली की जाते.

दुसरी एक सवय म्हणजे चालू ॲप सारखी वर सरकवून बंद करणं. याने बॅटरी वाचत नाही. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून फोन पडून असला की मागची ॲप झोपवण्याची सोय फोनमध्येच आली आहे. आपण ॲप मारून टाकलं आणि पाच मिनिटांनी परत उघडलं तर ते पहिल्यापासून चालू होतं आणि उलट जास्त वीज घेतं. अडकलेलं, हँग झालेलं ॲप तेवढं बंद करा.

चार्जिंगचे समज-गैरसमज

‘पूर्ण उतरवून मगच लावावी.’ चूक. हा नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा होता. लिथियम बॅटरीला वारंवार शून्यावर नेणं मानवत नाही. २० टक्क्यांच्या आसपास आली की लावा. ८०-९० ला काढली तर फार चांगलं.

‘थोडी-थोडी लावल्याने बॅटरी लवकर जाते.’ चूक. बॅटरीचं वय फेऱ्यांवर मोजतात. आज ५० टक्के भरली, उद्या ५० टक्के भरली, तर दोन्ही मिळून एक फेरी होते. लाईट येईल तशी लावा, काही बिघडत नाही.

‘नवा फोन आठ तास लावून ठेवावा.’ गरज नाही. १०० टक्के झाला की फोन स्वतःच वीज घेणं थांबवतो.

‘रात्रभर लावली की फुटते.’ चांगला चार्जर असेल तर फुटत नाही. पण रात्रभर पूर्ण भरलेल्या अवस्थेत आणि गरम राहिल्याने बॅटरी लवकर म्हातारी होते, हे खरं आहे. बऱ्याच फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबवायची किंवा सकाळी उठायच्या वेळेलाच पूर्ण भरायची सोय बॅटरीच्या सेटिंगमध्ये असते. ती चालू करा. आणि फोन उशीखाली, गोधडीत ठेवून कधीच लावू नका.

फास्ट चार्जरने बॅटरी खराब होते का, असंही विचारतात. फोनसोबत आलेला किंवा त्याच कंपनीचा चार्जर असेल तर काळजी नको. फोन सुरुवातीला वीज जोरात घेतो आणि भरत आला की आपोआप हळू घेतो. म्हणूनच शेवटच्या २० टक्क्यांना वेळ लागतो. लाईट तासाभरासाठीच आली असेल तर पहिल्या अर्ध्या तासातच निम्मं काम होऊन जातं. काही कंपन्यांच्या फास्ट चार्जिंगला त्यांचीच केबल लागते. दुसरी केबल लावली तर चार्ज होतं, पण सावकाश.

खरा शत्रू म्हणजे ऊन

लिथियम बॅटरीचं सगळ्यात जास्त नुकसान उष्णतेने होतं. ॲपल आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंश तापमानात वापरा असं सांगते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतच ४० च्या वर पारा जातो. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, मोटारसायकलच्या होल्डरमध्ये, गाडीच्या काचेखाली ठेवलेला फोन त्याहून कितीतरी जास्त तापतो. एकदा-दोनदाने काही होत नाही, पण रोजचं झालं तर वर्षभरात बॅटरी अर्ध्या दिवसावर येते.

फोन तापला तर कव्हर काढा, सावलीत ठेवा, चार्जिंग काढा, थोडा वेळ बंद करा. फ्रीजमध्ये ठेवू नका, ओल्या फडक्यात गुंडाळू नका. आत दव धरतं आणि सर्किट जातं. तापलेला फोन चार्ज होत नसेल तर तो बिघडलेला नाही. बॅटरी वाचवण्यासाठी त्याने स्वतःच चार्जिंग थांबवलेलं असतं. थंड झाला की परत घेतो.

चार्जर घेताना

रस्त्यावर शंभर रुपयांना मिळणारा चार्जर हा फोनलाच नाही, माणसालाही धोका आहे. चार्जरमध्ये एका बाजूला घरातली २३० व्होल्ट वीज असते आणि दुसऱ्या बाजूला ५ व्होल्ट. दोन्हींच्या मधला अडसर कमी प्रतीचा असला तर घरातली वीज केबलमधून हातात येते. चार्जिंगला लावून बोलताना शॉक बसल्याच्या घटना घडतात, त्यामागे हे एक मोठं कारण असतं. हात ओले असताना, ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून चार्जिंगवरचा फोन हाताळू नका.

मोबाईल चार्जर आणि पॉवर बँक यांना आपल्या देशात बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर बीआयएसची खूण आणि इंग्रजी आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ हे सरकारी ॲप मोफत आहे. त्यात तो क्रमांक टाकला की नोंदणी खरी का खोटी ते कळतं. दुकानातच, पैसे द्यायच्या आधी तपासा.

बहुतेक चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं. म्हणजे संध्याकाळी व्होल्टेज कमी झालं तरी चार्जर चालतो. पण डीपीवर न्यूट्रल तुटली तर घरात ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. बल्ब एकदम लखलखीत पेटला, पंखा जोरात फिरायला लागला, की आधी मेन स्विच बंद करा आणि वायरमनला कळवा. आकाशात विजा कडकडत असतील तेव्हाही चार्जर बोर्डातून काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

चार्जिंग हळू होतंय, पिन हलवावी लागते, असं झालं की लोक नवा चार्जर आणतात. आधी फोनचं भोक बघा. खिशातली धूळ, कापसाचे तंतू आत दाबून बसलेले असतात. फोन बंद करा आणि लाकडी काडीने अलगद कोरा. सुई, टाचणी, तार घालू नका. फोन पावसात भिजला असेल तर चार्जिंगला लावू नका. पुसून, भोक खाली करून हवेशीर जागी वाळू द्या. तांदळात पुरून ठेवण्यात अर्थ नाही, उलट कणी आत जाते.

ट्रॅक्टर किंवा मोटारसायकलच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला वायर जोडून फोन थेट लावू नका. मध्ये ५ व्होल्ट करून देणारा यूएसबी चार्जर हवाच.

पॉवर बँकेचा खरा हिशेब

१०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ५००० एमएएचचा फोन दोनदा भरेल, असं वाटतं. प्रत्यक्षात तसं होत नाही. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. बाहेर ५ व्होल्ट करून देताना आणि फोनमध्ये भरताना गळती होते. फोन साधारण एक ते सव्वा वेळ भरतो. पॉवर बँकेवर बारीक अक्षरात ‘रेटेड’ क्षमता वेगळी लिहिलेली असते, बहुधा ६००० च्या आसपास. घेताना तीच वाचा. जून लागायच्या आधी ती पूर्ण भरून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा तपासा.

बॅटरी म्हातारी झाली हे कसं ओळखावं?

बॅटरीची क्षमता कमी होत जाणं हे अटळ आहे. आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनसाठी ॲपलचं म्हणणं आहे की ५०० फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमता राहते. आयफोन १५ पासून हा आकडा १००० आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विकायला येणाऱ्या फोनची बॅटरी ८०० फेऱ्यांनंतरही ८० टक्के राहिली पाहिजे, असा नियम लागू झाला आहे. रोज एक फेरी धरली तर ८०० फेऱ्या म्हणजे दोन वर्षांहून थोडं जास्त.

३० टक्के असताना फोन अचानक बंद होणं, ४० वरून एकदम १५ वर येणं, लावल्या-लावल्या १०० दाखवणं ही म्हातारपणाची लक्षणं. आयफोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये आणि सॅमसंगच्या ‘सॅमसंग मेंबर्स’ ॲपमध्ये बॅटरीची तब्येत बघता येते. बाकी फोन चांगला असेल तर नवा घेण्याआधी कंपनीच्या सेवा केंद्रात बॅटरी बदलायचा खर्च विचारा. नव्या फोनच्या मानाने तो बराच कमी असतो. दुकानातली नाव नसलेली स्वस्त बॅटरी मात्र टाकू नका.

जुना फोन पेटीत ठेवायचा असेल तर निम्मा चार्ज करून, बंद करून ठेवा. पूर्ण उतरलेला ठेवला तर सहा महिन्यांनी तो चालूच होत नाही.

बॅटरी फुगली तर

मागचं झाकण उचललं, स्क्रीन वर आली, फोन टेबलावर डोलायला लागला, तर बॅटरीत वायू साठला आहे असं समजा. चार्जिंग ताबडतोब बंद करा, फोन बंद करा. दाबून बसवू नका, टोचू नका, पोरांच्या हातात देऊ नका. सिमेंटच्या किंवा मातीच्या जागेवर ठेवा आणि सेवा केंद्रात न्या.

धूर यायला लागला तर आधी बोर्डाचं बटण बंद करा. फोन हाताने उचलू नका. तो धूर विषारी असतो, पोरांना बाहेर काढा. लांबून त्यावर माती किंवा वाळू टाका. आपल्याकडे दिवाळीनंतर अनेक घरांत कापूस साठवलेला असतो, गोठ्यात कडबा असतो. कापसाच्या ढिगाजवळ, गंजीजवळ, गादीवर फोन चार्जिंगला लावूच नका. एका चार्जरपायी वर्षाचं पीक जायला वेळ लागत नाही.

बाद झालेली बॅटरी चुलीत, उकिरड्यावर, विहिरीजवळ टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर आहे. सेवा केंद्रात द्या.

लाईट दोन दिवस येणार नसेल तर

– बॅटरी सेव्हर लगेच चालू करा, १५ टक्के व्हायची वाट बघू नका.
– इंटरनेट बंद ठेवा, दोन-तीन तासांनी पाच मिनिटं चालू करून निरोप बघा.
– घरात तीन फोन असतील तर दोन बंद करा, एकच चालू ठेवा आणि तो नंबर नातेवाइकांना कळवा.
– फोनची टॉर्च लावून बसू नका, साधी बॅटरी किंवा कंदील वापरा.
– महत्त्वाचे चार नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा. फोन बंद पडला की पाठ असलेला नंबर एकही नसतो.
– नुकसानीचे फोटो काढायचे असतील तर कमी आणि नेमके काढा, पाठवायचं काम रेंजमध्ये आल्यावर करा.
– शेवटचे २० टक्के राखून ठेवा. साप चावला, बाळंतपण निघालं, वीज पडली, तर रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही तातडीच्या मदतीसाठी ११२ लावायला तेवढी बॅटरी लागते. आपल्या कंपनीची रेंज नसली, पण दुसऱ्या कंपनीची असली, तरी ११२ लागू शकतो. एकदा लागला नाही म्हणून सोडून देऊ नका.